किती भावंडं तुम्ही?

सकाळी सहा

पिशवी रात्रीच भरून ठेवलेली असते. माला एनची पाकिटं, छायाच्या गोळ्या, निरोध, दिवस गेलेत का बघायचं निश्चय किट, लोहाच्या गोळ्या, ओआरएस, आणि सगळ्यांत जड म्हणजे पात्र जोडप्यांचं रजिस्टर. हजार वस्तीला एक आशा, हे 2005 साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासूनचं गणित. हजार वस्तीत लेकुरवाळ्या वयाची जोडपी साधारण दीडशे ते पावणेदोनशे निघतात. प्रत्येकीची एक ओळ: लग्नाचं वय, मुलगे किती, मुली किती, धाकट्याचं वय, साधन कोणतं. शेवटी शेरा.

'मुलं किती हवीत?' असं विचारायला आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं. सासू समोर असली की या प्रश्नाला उत्तर येत नाही. एकटीत गाठून विचारलं तर पाठ केल्यासारखं येतं, 'दोन'. म्हणून मी तो प्रश्न मागे ठेवते आणि आधी विचारते, 'तुम्ही भावंडं किती?' माहेरच्या गोष्टींना सासूची हरकत नसते. बाई ओट्याला टेकून बसते, थोरलीचं सांगते, मधल्या भावाचं सांगते, आई कशी आजारी पडली ते सांगते. पुढचं सगळं त्यातच असतं. पाळणा कधी हलवायचा, किती लांबवायचा आणि कुठं थांबायचं, हे बहुतेकींनी आपल्या आईकडं बघत लग्नाआधीच ठरवलेलं असतं. सासरी आल्यावर त्यावर भांडण होतं, एवढंच.

सकाळी साडेसात

जानेवारी, म्हणजे गाळपाचा ऐन हंगाम. आमचं गाव कराड तालुक्यात, कृष्णेकाठी. बीडकडची टोळी दिवाळीनंतर येऊन ओढ्यापलीकडं कोप्या घालून राहते. तळावर या वेळी म्हातारी माणसं आणि बारकी पोरं तेवढी असतात, बाकी सगळे अंधारातच फडात गेलेले. म्हणून मी सरळ फडातच जाते.

मोळ्या बांधणारी पोरगी एकोणीस सांगते. आधार कार्डही एकोणीसच सांगतं. मी कार्डाशी वाद घालत नाही, पण तिच्या कडेवरचं लेकरू वर्षाचं आहे आणि पाळी पुन्हा चुकलीय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019-21 च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या विशीतल्या, म्हणजे 20 ते 24 वयाच्या, शंभरातल्या बावीसेक बायकांची लग्नं अठराच्या आत झालेली निघाली. बीड जिल्ह्यात तोच आकडा चाळिशीच्या वर होता. त्याची कारणं शहरातली माणसं 'अडाणीपणा' या एका शब्दात गुंडाळतात. फडातला हिशेब वेगळा आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराचा अर्धा कोयता. पोरगा ऊस तोडण्याजोगा झाला की त्याला जोडी लागते. आईबाप सहा महिने फडात, वयात आलेली पोरगी गावी कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा दुसरा घोर. दोन्ही घरांची गरज एका मांडवात भागते.

'भावंडं किती तुम्ही?'

'पाच. मी थोरली. मायला नववा लागला तरी मोळ्या वाहायची.'

तिचं गणित तिनं न विचारता सांगितलं. 'आता हे एक झालं की दोन लेकरं झाले. मग आपरेशन. मग पिशवीचं बी बघू. सासूनं काढलीय, तिला काई तरास नाई.'

पिशवी हा शब्द आला की मी तिथं बसतेच. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा बोभाटा 2019 साली झाला, सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत 82,309 बायकांपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. पाळी आली, पोट दुखलं, दिवस गेले, की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे उलट मुकादम कापतो. सासू सांगते 'तरास नाई', तो खाड्याचा त्रास नाही. पस्तिशीत हाडं दुखायला लागली, चालताना धाप लागायला लागली, त्याचा आणि पिशवीचा संबंध तिला कुणी सांगितलेला नाही. मी पोरीला सांगते, सासूला ऐकू जाईल असं. ऑपरेशन म्हणजे नळी बांधणं, पिशवी तिथंच राहते. दोन्ही गोष्टी एक नाहीत.

बाविशीच्या आत सगळं उरकून मोकळं व्हायचं, या तिच्या बेताला मी मूर्खपणा म्हणत नाही. आईची कंबर गेलेली तिनं बघितलीय. शरीरात जोर आहे तोवर बाळंतपणं काढून टाकायची, हे मजुरीचं शहाणपण आहे. तोटा एवढाच की पहिलं बाळंतपण सोसायला तिचं अंग तयार झालंय की नाही, हे त्या हिशेबात कुठंच धरलेलं नसतं. निश्चय किटवर दोन रेघा उमटल्या. वजन घेतलं, एकोणचाळीस किलो. नर्सबाईंकडं दुपारच्या आत आणून सोडायचं कबूल केलं मुकादमाच्या बायकोनं. शब्द पाळते का बघायचं.

सकाळी साडेनऊ

वाड्यातली सून इंजिनिअर आहे. दोन वर्षं पुण्यात नोकरी केली, मुलगी झाल्यावर घरून काम करते. बारा एकर बागायत, ट्रॅक्टर, दारात गाडी. या घरात रजिस्टर उघडायलाच अवघड जातं, कारण उघडलं की सासूबाई शेजारी येऊन बसतात.

मुलगी आता चार वर्षांची आहे. सुनेला दुसरं नको. सासूबाईंना हवंय. एवढंच ऐकलं तर सगळे म्हणतील, सासू जुनाट, सून शिकलेली. मीही बरेच दिवस तसंच धरून चालले होते. मग एकदा दोघींना वेगवेगळं भावंडांचं विचारलं.

सुनेचं माहेर माण तालुक्यात. चार बहिणी, ही दुसरी. चौथीचं नाव नकुसा ठेवलेलं. आमच्या जिल्ह्यात या नावाच्या इतक्या पोरी होत्या की ऑक्टोबर 2011 मध्ये साताऱ्यात कार्यक्रम घेऊन 285 जणींची नावं बदलली गेली. हिची बहीण त्यातलीच. शाळेच्या दाखल्यावर नाव बदललं, आजी मात्र मरेपर्यंत जुन्याच नावानं हाक मारायची. सून म्हणाली, 'ताई, मला दुसरी मुलगी नकोय असं नाही. दुसरी झाली की मला तिसऱ्याचं विचारतील. आणि आईनं तेच केलं, विचारतील तेव्हा हो म्हणत गेली. मला तो प्रश्नच दारात येऊ द्यायचा नाही.' म्हणजे एकीवर थांबणारी ही बाई चौकोनी कुटुंबाची जाहिरात बघून थांबलेली नाही. चौथ्या बहिणीचं नाव ऐकून थांबलीय.

सासूबाईंना सात बहिणींच्या पाठीवर एक भाऊ होता. तो तरुणपणी मोटारसायकलवरून गेला. वर्षभरात वडील गेले, चुलत्यांनी जमीन घेतली, आईला आळीपाळीनं लेकींच्या दारात राहावं लागलं. माहेर म्हणून जायला यांना गावच उरलं नाही. 'एकावर घर टांगून ठेवू नये गं,' त्या म्हणतात. मुलगाच हवा हे आहेच, ते त्या लपवतही नाहीत. पण त्याच्या खाली ही भीती आहे, आणि ती मला खोटी वाटत नाही.

तिसरी गोष्ट मामंजींची. त्यांना पोराला ग्रामपंचायतीला उभं करायचंय. सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं की उभं राहता येत नाही. कायदा दोनांवर थांबवतो, घर मुलावर थांबतं. मग सगळा भार दुसऱ्या खेपेवर येतो. ती खेप 'वाया' जाऊ नये म्हणून काय काय सुचतं माणसांना, ते या जिल्ह्यात राहणाऱ्याला सांगायला नको. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा 1994 पासून आहे, आणि गाड्या रात्री सीमेपलीकडं जाऊन येतात अशी कुजबुजही आहे.

आज सासूबाईंनी चहा दिला आणि सरळ विचारलं, 'तू सांग तिला.' मी म्हटलं, 'आत्या, मी साधनं सांगते, आकडा नाही सांगत.' त्या हसल्या, पण रुसल्याही. सुनेची तांबी दहा वर्षं चालणारी आहे. हे आत्यांना ठाऊक नाही. त्यांना वाटतं, देवाची इच्छा नाही.

सकाळी अकरा

अंगणवाडीत लसीकरण. नर्सबाई, सेविका, मदतनीस, मी आणि रडणारी पोरं. इथं बोलणं होत नाही, फक्त दंड, मांडी, वजनकाटा आणि माता-बाल संरक्षण कार्ड. ऊसतोडीतली पोरगी आली. हिमोग्लोबिन आठ पूर्णांक दोन.

एक गोष्ट नोंदण्याजोगी. पहिलं बाळंतपण आपल्याकडं माहेरी. सातव्यात ओटी भरून पोरगी जाते ती बाळ तीन-पाच महिन्यांचं झालं की येते. बाळंतपणानंतर लगेच तांबी बसवायची का, हा निर्णय त्यामुळं माहेरच्या दवाखान्यात, आईच्या देखत होतो. नवरा गावी, सासू गावी, मी गावी. आई 'नको' म्हणाली की नको. उशाशी तीच बसलेली असते. वरून येणाऱ्या पोस्टरांवर मात्र नवरा-बायको हातात हात घालून उभे असतात.

दुपारी साडेबारा

पारावर चार म्हातारे आणि एक तरुण. तरुणाची बायको दुसऱ्या सिझरमधून अजून उठलेली नाही, तिसऱ्यांदा पोट फाडण्यापेक्षा त्यानं स्वतःची बिनटाक्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी, असं डॉक्टरांनी सुचवलेलं. दहा-पंधरा मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. तो तयार होता. मी दोन शब्द बोलले आणि पारावरचे त्याचे आजोबा काठी आपटत उठले.

आजोबा 1976 साली तिशीत होते. आणीबाणीत त्यांना बाजाराच्या दिवशी जीपमध्ये घालून नेलं, असं ते सांगतात. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, पण त्या वर्षानं पुरुषांच्या मनात जी अढी बसली ती नातवापर्यंत आली. आजोबांची पाठ तेव्हापासून दुखते. पाठीचा त्याच्याशी संबंध नाही हे त्यांना कुणी पटवू शकणार नाही, आणि पटवावं तरी कोणत्या तोंडानं?

2019-21 च्या त्याच पाहणीत राज्यात 49 टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषांचा आकडा अर्धा टक्काही भरत नाही. पोरगा माझ्यामागं आला, म्हणाला, 'आजोबा हाईत तवर राहू द्या.' राहू द्या म्हणजे त्याच्या बायकोनं पुन्हा टेबलावर जायचं.

दुपारी दोन

घरी जेवण. भाकरी सकाळचीच. गटप्रवर्तक ताईंचा व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप: आज संध्याकाळपर्यंत माहिती भरा. संध्याकाळपर्यंत म्हणजे अर्ध्या तासात, हे मोबाइलची बॅटरी बघून मी ठरवलं.

दुपारी तीन

वरच्या आळीत घरटी एक माणूस मुंबईला. बहुतेक माथाडी, वाशीच्या बाजारात. इथल्या बायकांचं नियोजन पंचांगावर चालतं. माणूस गणपतीला येतो, दिवाळीला आला तर येतो, आणि चैत्रातल्या यात्रेला येतोच येतो.

'भावंडं किती?' या प्रश्नाला या आळीत सगळ्यांत मजेशीर उत्तर मिळालं. एक वहिनी म्हणाली, 'सहा. आणि सगळ्यांचे वाढदिवस संक्रांतीच्या आगंमागं.' हिशेब करा: चैत्रातली यात्रा, पुढं नऊ महिने, पौष-माघ. तिच्या आईला साधन ठाऊक नव्हतं असं नाही. माणूस वर्षातून दोनदा येणार, त्यासाठी रोज गोळी कोण खाणार? आणि माणूस आल्यावर पाकीट मागायला जायचं कुणाकडं?

या वहिनीनं आईची चूक हेरलीय. ती यात्रेच्या दोन महिने आधी मला गाठते आणि माला एन सुरू करते. छाया आधी घेऊन बघितली. पहिले तीन महिने आठवड्याला दोन, मग एक, रोजची कटकट नाही. पण तिला वार लक्षात राहिना. दोन मुलं आहेत, शाळेत जातात. ऑपरेशन का नाही, असं मी एकदाच विचारलं. ती म्हणाली, 'हितं सासू-सासरे माझ्यावर. मी आठ दिस पडून राहिले तर भाकरी कोण थापील?' माहेरी जाऊन राहायचं तर आई गेलेली. आई नसलेल्या बायकांचं ऑपरेशन लांबतं, हे मी कुठं छापलेलं वाचलेलं नाही. पण या आळीत तीन-चार घरं त्याच कारणानं अडलीत.

पलीकडच्या घरात वेगळंच. लग्नाला चार वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. रजिस्टरमध्ये ती 'साधन न वापरणारी' म्हणून दिसते, आणि दर बैठकीला मला विचारतात, हिला साधन का दिलं नाही. तपासण्यांचा खर्च तिचे वडील करतात. बियाणं उगवलं नाही तर दुकानदाराला धरतात, तसं मूल होईना की आधी माहेराला धरतात. नवऱ्याची तपासणी अजून झालेली नाही. पुढच्या गणपतीत बघू म्हणतो.

संध्याकाळी पाच

लग्न होऊन सात महिने झालेली पोरगी. बारावी झालीय, नर्सिंगला प्रवेश घ्यायचाय. तिची थोरली बहीण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना गरोदर राहिली, ते कॉलेज सुटलं ते सुटलं. हिला तीन वर्षं मूल नको. नवऱ्यालाही नको. पण दोघांनाही ते घरात बोलता येत नाही. सासू दर महिन्याला पाळीची तारीख विचारते.

आमच्या जिल्हा परिषदेनं 2007 साली एक योजना काढली होती, वर्तमानपत्रांनी तिला 'हनिमून पॅकेज' म्हटलं. लग्नानंतर दोन वर्षं पाळणा लांबवला तर पाच हजार, तीन वर्षं लांबवला तर साडेसात हजार. शहरातल्या लोकांना हसू आलं. माझी जाऊबाई त्या योजनेत होती. ती सांगते, पैसे काही फार नव्हते, पण घरात सांगायला कारण मिळालं. 'सरकारात नाव घातलंय, आता मधेच कसं मोडायचं?' सासूला सून नको म्हणते हे सोसत नाही. सरकार नको म्हणतंय हे सोसतं.

आता त्या योजनेचं नाव कुणी घेत नाही. मग कारण मीच व्हायचं. पोरीचं हिमोग्लोबिन खरोखरच नऊ आहे. मी सासूसमोर म्हणाले, 'मावशी, रक्त कमी आहे. आत्ता दिवस गेले तर बाळंतपणात जड जाईल. रक्त भरू द्या, मग बघू.' सासूनं लगेच बीट आणायला धाकट्याला पिटाळलं. पोरगी माझ्याकडं बघत नव्हती, हसू येईल म्हणून. रक्त तीन महिन्यांत भरेल. पुढचं कारण तोवर शोधावं लागेल. हे काम नियमात बसतं का, ते मी विचारायला गेलेले नाही.

रात्री साडेआठ

उरलेली माहिती भरते आहे. कोष्टकात आज झालेलं काम: भेटी, वाटलेल्या गोळ्या, संशयित गरोदर एक, लसीकरणाला आणलेली बालकं. राज्याचा जननदर 2019-21 च्या पाहणीत 1.7 वर आला, म्हणजे बाईमागं दोन मुलंही नाहीत. बैठकीत हा आकडा सांगून आमचं अभिनंदन झालं होतं. मी तेव्हा फडातली पोरगी, वाड्यातली सून आणि वरच्या आळीतली वहिनी यांची सरासरी काढून बघितली. आकडा जवळपास तोच आला. एकीची दुसरीशी गाठ पडली तर एकमेकींचं बोलणंही कळणार नाही.

उद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ऑपरेशनचा कॅम्प. माझ्या तीन बायका. त्यातल्या एकीला दोन मुली, लेक लाडकी योजनेत दुसऱ्या मुलीसाठी ऑपरेशनचं प्रमाणपत्र जोडायचंय. तिचं पक्कं आहे. दुसरीला एक मुलगा, एक मुलगी. तिच्या नवऱ्यानं सही दिलीय. तशी सही लागतच नाही, पण दिली. तिसरीचा फोन आता आला.

'ताई, उद्या येत न्हाई मी.'

'का गं? पोराला ताप आला का?'

'न्हाई. आईचा फोन आलता. आई म्हणती धाकटा पाच वर्साचा होऊस्तोर थांब.'

तिची गोष्ट मला ठाऊक आहे, भावंडांचं विचारलं तेव्हाच सांगितलेली. आईचं ऑपरेशन झालं आणि वर्षाच्या आत हिचा धाकटा भाऊ जुलाबानं गेला. आई अजून ऑपरेशनचा दिवस आणि त्याचा दिवस एकाच श्वासात सांगते. आता मुलं जुलाबानं तशी जात नाहीत, ओआरएस आहे, झिंक आहे, लसी आहेत, हे सगळं मी त्या माउलीला फोनवर सांगू शकते. उपयोग नाही.

'बरं, मग तोवर अंतराचं इंजेक्शन घे. तीन महिन्यांनी एक. कुणाला दिसत न्हाई, कुणाला कळत न्हाई. बंद केलं की काही महिन्यांनी परत दिवस राहतात.'

पलीकडं थोडा वेळ पोराच्या खोकल्याचा आवाज. मग ती म्हणाली, 'आईला इचारून सांगते.'

गाडीवाल्याला फोन करून सांगितलं, सकाळी सातला दोघीच आहेत.